तुझं संपलं की माझं

मिरजेत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक बोळ होता, सतारमेकर गल्लीला लागूनच, आणि त्या बोळात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल फॅन, तीन टीव्ही, तीन प्लेस्टेशन, पहिलं वालं करड्या रंगाचं, आणि भिंतीला टेकून उभी असलेली पंधरा-वीस पोरं. २००२ साल असेल, मी नववीत होतो. तासाला दहा रुपये असा बोर्ड होता पण तास घेऊन खेळणारे कमीच, खरा खेळ मॅचवर चालायचा, हरेल त्यानं दोन रुपये द्यायचे आणि उठायचं, जिंकेल तो बसून राहणार. तिन्ही टीव्हीवर एकच सीडी, टेकन थ्री, दोघांच्या मारामारीचा गेम. दुसऱ्या सीड्या होत्या, फुटबॉलची होती, गाड्यांची होती, पण कुणी लावूच द्यायचं नाही.

मी एडी घ्यायचो. ज्यांनी टेकन थ्री खेळलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो, एडी गोर्डो म्हणजे गेममधलं एक पात्र, ब्राझीलचा कॅपोएरा, म्हणजे तिकडची नाचासारखी मारामारी, खेळणारा, हिरवी-पिवळी पँट, हातावर उभा राहून पाय गरागरा फिरवणारा. आम्ही त्याला नाचणारा म्हणायचो. रिमोटवरची फुली आणि गोल आलटून पालटून दाबत राहिलं की तो असा काही सुटायचा की समोरच्याला उभं राहायलाच मिळायचं नाही, एक पाय वरून, दुसरा खालून, मग लोळण, मग परत पाय. एकदा तर शनिवारी दुपारी मी सलग अकरा जणांना उठवलं होतं, दोन रुपये न देता अडीच तास बसलो होतो, आणि घरी येताना मला खरंच वाटत होतं की हा गेम मला येतो.

तो पुढच्याच आठवड्यात आला. तंबोऱ्याच्या दुकानात काम करायचा, त्याच्या चाचांचं दुकान होतं, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. हाताला लाकडाचा भुसा, नखांत पॉलिश. त्यानं जिन घेतला, टेकनमधलंच दुसरं एक पात्र. आणि मॅच सुरू झाल्यावर त्यानं काहीच केलं नाही.

खरंच काही नाही. मी एडी सोडला, पाय फिरायला लागले, आणि त्याचा जिन नुसता उभा, अंगावर घेतोय, म्हणजे गार्ड करतोय, वार अडवतोय, खालचा पाय येईल तेव्हा तेवढ्यापुरता बसतोय, परत उभा राहतोय. मग माझ्या एडीची एक फिरकी संपली, पाय जमिनीला टेकला आणि त्या टेकण्याच्या क्षणाला जिननं एक हात मारला. एकच. मी परत सुरू केलं, परत संपलं, परत तो एक हात. असं करत करत माझी लाइफ संपली आणि त्याची पाव पण गेली नव्हती. दुसऱ्या राउंडला मी आणखी जोरात दाबलं. तिसऱ्यालाही तेच. उठताना मी त्याला म्हणलं की तू काहीतरी ट्रिक केलीस, तर तो शांतपणे म्हणाला, “ट्रिक कुठली रं. तुझं संपलं की माझं चालू हुतंय, एवढंच.”

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. कळायला अठरा वर्षं लागली.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, ती वीज. जिनची एक मूठ होती, खाली झुकून पुढे सरकत वर मारायची, ती कधी कधी साधी लागायची आणि कधी कधी तिच्यातून निळसर वीज कडाडायची आणि समोरचा सरळ हवेत. पार्लरमध्ये सगळ्यांना वाटायचं ते नशिबानं येतं. कुणी म्हणायचं दोन नंबरच्या टीव्हीचा रिमोट चांगला आहे त्याच्यावरच येते, कुणी म्हणायचं लाइफ कमी झाली की येते. त्या मुलाला दहातली पाच-सहा वेळा यायची. मी विचारलं कशी काढतोस, तर म्हणाला, “हाताकडं बघत बसू नको, ऐकत जा.” काय ऐकायचं ते काही सांगितलं नाही.

पुढं दहावी, बारावी, सांगलीत बीकॉम, मग पुणे. मी अकाउंट्सचा माणूस, नोकरी तीच, एका कंपनीची वसुली बघतो, कुणाचे किती येणे आणि किती दिवसांचे. पार्लर २००६-०७ च्या सुमारास बंद पडलं, तिथं मोबाईल रिपेअरिंग आलं. मधल्या वर्षांत मी गेम खेळलोच नाही असं नाही पण टेकन नाही. मग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, मे महिना असेल, रात्री झोप यायची नाही, सेलमध्ये टेकन सेव्हन दिसला म्हणून लॅपटॉपवर घेतला. जिन नव्हता घ्यायचा मला, मी काझुया घेतला, कारण ती वीजवाली मूठ त्याच्याकडे असते हे एव्हाना वाचलं होतं. ऑनलाइन पहिल्या तीस मॅचमध्ये मी दोन जिंकलो.

आता हा गेम इतका अवघड का आहे ते मला नीट सांगायचंय, कारण लोकांना वाटतं बोटांची चपळाई लागते, तरण्या पोरांचं काम आहे. बोटं लागतात, नाही असं नाही. पण मुळात हा गेम हिशोबाचा आहे.

पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो. एका चित्राला एक फ्रेम म्हणायचं, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. गेममधली प्रत्येक मूठ, प्रत्येक लाथ फ्रेममध्ये मोजलेली आहे. सगळ्यात जलद असतो तो उभ्यानं मारलेला साधा डावा हात, तो १० फ्रेममध्ये लागतो. बटण दाबलंस की तू वेळ उसना घेतलास असं समज. लागली मूठ तर उसनवारी समोरच्याच्या खात्यावर गेली. त्यानं गार्ड केली तर ती तुझ्या खात्यावर, आणि ती किती ते प्रत्येक डावाचं ठरलेलं आहे. एखादा डाव गार्ड झाल्यावर उणे दहा असेल तर दहा फ्रेम तू हलू शकत नाहीस आणि समोरच्याचा दहा फ्रेमचा हात तुला लागणारच, तुला काही म्हणजे काहीच करता येत नाही. उणे पंधरा असेल तर त्याच्याकडं पंधरा फ्रेमची खालून वर उचलणारी मूठ असते, आणि एकदा हवेत गेलास की खाली येईपर्यंत तो तुला हवेतच ठेवून मारत राहणार, हवेत गार्ड नाही. टेकनमधला पॉल, त्याची ती प्रसिद्ध एका ठोशात अर्धी लाइफ नेणारी मूठ आठवते का, ती गार्ड केली तर पॉलवर पंधरापेक्षा जास्त फ्रेमची उधारी चढते. पार्लरमध्ये आम्हाला ती मूठ म्हणजे अन्याय वाटायची, आणि ती तर सगळ्यात मोठा धोका पत्करून मारलेली मूठ होती, फक्त वसूल कशी करायची ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्या तंबोऱ्यावाल्या पोराला ठाऊक होतं. त्यानं हे आकडे कुठंही वाचले नव्हते, वाचायची सोयच नव्हती, त्यानं ते बघून बघून काढले होते, एडीची कुठली फिरकी कुठं संपते ते.

आणि यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे टेकनमध्ये तुम्ही हात सोडून बसलात, काहीच दाबलं नाहीत, तरी तुमचा माणूस उभ्या उभ्या गार्ड करतो. वरचे आणि मधले वार तो आपोआप अडवतो. खालच्यासाठी बसावं लागतं आणि पकडीतून सुटावं लागतं, पण बाकी तो मुळातच बंद दाराचा आहे. दार उघडतो आपण, बटण दाबून. त्या तीसपैकी अठ्ठावीस मॅच मी हरलो त्या सगळ्या मी उघडलेल्या दारातून हरलो, मॅच परत बघताना हे इतकं स्पष्ट दिसायला लागलं की मला काही दिवस अक्षरशः बटण दाबायची भीती वाटायची.

नुसतं बंद राहूनही चालत नाही पण. वार तीन उंचीचे, वरचा, मधला, खालचा. उभं राहून गार्ड केला तर वरचा-मधला अडतो, खालचा लागतो. बसलात तर वरचा डोक्यावरून जातो, खालचा अडतो, मधला मात्र बसलेल्याला फोडून काढतो. माणसाचा डोळा बघून हात हलवायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद घेतो, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. तेव्हा दहा फ्रेमचा हात जगातला कुठलाच माणूस बघून अडवू शकत नाही, पाय खालून येतोय हेही बऱ्याचदा बघून कळणार नाही. मग अडवणारे अडवतात कसे? समोरच्याला ओळखून. हा माणूस मार खाल्ल्यावर लगेच दाबतो का, दोनदा मधला मारल्यावर तिसऱ्यांदा खालचा मारतो का, घाबरला की मागे जातो की उडी मारतो. तीन मिनिटांच्या मॅचमध्ये कोणा अनोळखी माणसाचा स्वभाव वाचायचा असतो, आणि तो पण आपला वाचत असतो. मला असं वाटतं की मी ऑफिसातल्या काही लोकांना दहा वर्षांत जेवढं ओळखलं नाही तेवढं काही अनोळखी खेळाडूंना पाच मॅचमध्ये ओळखलं, नाव-गाव काही माहीत नाही, पण हा माणूस भिंतीला पाठ लागली की चिडतो एवढं नक्की माहीत आहे.

ओझं सगळं पाठांतराचं आहे. सेव्हनमध्ये शेवटी शेवटी पन्नासच्या वर पात्रं झाली होती, प्रत्येकाचे शंभरच्या आसपास डाव, आणि त्यातला कुठला वरचा, कुठला मधला, वारांच्या कुठल्या माळेत तिसरा वार बसून चुकवता येतो, कुठला डाव्या बाजूला सरकून चुकतो, हे सगळं त्या क्षणाला डोक्यात असायला लागतं. एका पात्राकडून हरलो की मी त्याचं एक पान करायचो वहीत, जुनी लेजर होती ऑफिसातली कोरी, तीच. डावीकडे त्याचा डाव, उजवीकडे मी काय द्यायचं ते. वर्षभरात वही भरली तरी निम्मेच झाले होते.

पकडींचं तर वेगळंच. किंग म्हणून एक आहे, जॅग्वारचा मुखवटा घालणारा कुस्तीवाला, तो धरतो आणि आपटतो. त्यानं धरलं की सुटायला जेमतेम वीसेक फ्रेम, सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि तेवढ्यात बघायचं की त्याचा कुठला हात पुढे आलाय. डावा हात पुढे आला तर डाव्या हाताचं बटण, उजवा तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. चुकीचं दाबलं की संपलं. आणि सुटला नाहीत तर त्याच पकडीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, प्रत्येकीला वेगळी तोड. आमच्याकडं सांगली-कोल्हापूरकडं तालमीत डावाबरोबर त्याची तोडही घटवून घेतात, आणि मला हे शिकताना सारखं आमच्या गल्लीतले एक म्हातारे वस्ताद आठवायचे, ते फडावर बसून कुस्ती बघताना पैलवानाच्या तोंडाकडं कधी बघायचे नाहीत, फक्त हाताकडं. मी महिनाभर रोज रात्री अर्धा तास नुसतं हेच केलं, संगणकाला सांगायचं मला तीनपैकी कुठलीही पकड धर, आणि मी नुसता हात बघणार. बायको एकदा मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, हा आज दोनशे वेळा आपटलाय तुम्हाला. त्या रात्री शंभरातल्या एकसष्ट सुटलो होतो.

गंमत म्हणजे चार बटणं चार हातापायांची ही कल्पनाच किती साधी आहे. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा, फुली डावा पाय, गोल उजवा. बाकी बहुतेक गेममध्ये बटण म्हणजे हलका ठोसा, जोराचा ठोसा असं असतं, इथं बटण म्हणजे अंगाचा अवयव. व्हर्च्युआ फायटर हा १९९३ चा गेम, थ्रीडी मारामारीची सुरुवात तिथून झाली, त्यावर काम केलेले सेइइची इशिई पुढं नामको कंपनीत आले आणि त्यांनीच १९९४ चा पहिला टेकन केला. तेव्हापासून हे अवयवाचं गणित तसंच आहे. त्यामुळं डाव पाठ करताना आपण नकळत शरीर पाठ करतो, उजवा हात मारला की कुठला खांदा पुढे राहतो, मग पुढची लाथ कुठल्या पायाची सहज येईल. आणि ही शरीरं खरी आहेत. माझ्या एडीच्या हालचाली मार्सेलो परेरा नावाच्या कॅपोएराच्या खऱ्या गुरूंच्या अंगावरून घेतलेल्या, टेकनमधल्याच ह्वारांगच्या लाथा ह्वांग सु-इल या तायक्वांदोच्या मास्तरांच्या. मी नववीत फुली-गोल बडवत होतो तेव्हा माझ्या बोटांखाली एका माणसाची आयुष्यभराची मेहनत फिरत होती, आणि मला ते नाच वाटत होतं. याचं मला आता वाईट वाटतं, खरंच.

आता ती वीज. तिचं जपानी नाव सायसोकु फूजिनकेन, सर्वात वेगवान वाऱ्याच्या देवाची मूठ, पण खेळणारे सगळे नुसतं इलेक्ट्रिक म्हणतात. ती नशिबानं येत नाही, रिमोट कुठला त्यावरही नाही. पुढे दाबायचं, बोट उचलायचं, मग खाली, आणि खाली धरलेलं असतानाच पुढे आणि उजवा हात, ही दोन्ही एकाच फ्रेममध्ये. एकाच. हात एक फ्रेम उशिरा पडला तर साधी मूठ येते, आणि साधी मूठ गार्ड झाली की उणे दहा, मार खा. वीज आली तर समोरच्यानं गार्ड केली तरी पुढची पाळी आपलीच. म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाच्या चुकीवर येणं आहे की देणं आहे ते ठरतं. आणि हे डाव्या बाजूला उभं असताना जमलं म्हणजे उजव्या बाजूला जमेल असं नाही, तिथं सगळं आरशासारखं उलटं, बोटांना ते नव्यानं शिकवावं लागतं. माझं उजवीकडचं अजून कच्चंच आहे.

मी कीबोर्डवर खेळतो. रोज रात्री साडेदहानंतर शंभर वेळा, वहीत आकडा. पहिल्या आठवड्यात शंभरात सात. दुसऱ्यात नऊ. महिन्यानं चौदा, आणि तिथंच अडकलो, तीन-चार आठवडे चौदा, पंधरा, बारा, परत चौदा. मी बोटं जास्त जोरात मारायला लागलो, मनगट दुखायला लागलं. मग एका रात्री लाइट गेली, पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर, घरात चिडीचूप, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा माझीच बटणं ऐकू आली. पुढे, टक. खाली, टक. आणि शेवटी टटक. दोन आवाज, एकमेकाला चिकटलेले पण दोन. मी बघायचं सोडून दिलं आणि ऐकत बसलो. टटक, साधी मूठ. टटक, साधी. टक, वीज. डावा हात आणि उजवा हात, दोन बोटं, पण आवाज एकच आला पाहिजे. हाताकडं बघत बसू नको, ऐकत जा. मी अंधारात बसून मोठ्यानं हसलो, बायको उठून आली काय झालं म्हणून.

मिरजेतल्या लोकांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी, तंबोऱ्याची जवारी काढतात ती अशीच. घोडीवर तार जिथं टेकते तो भाग कानसीनं घासतात, घासायचं म्हणजे किती, तर दिसणार पण नाही इतकं, आणि मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. दोरा केसभर इकडं असेल तर तार नुसती टण्ण करते, केसभर तिकडं गेला तर बसकी, आणि नेमका जागेवर आला की आवाज उघडतो, घुमत राहतो. तो मुलगा दिवसभर हे बघून संध्याकाळी पार्लरला यायचा. त्याला वीज का यायची आणि आम्हाला का नाही, याचं उत्तर आमच्या शेजारीच होतं, आम्ही रिमोट बदलत बसलो.

लाहोरचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये फुकुओकाला एव्हो जपान नावाची मोठी स्पर्धा झाली, तोपर्यंत टेकन म्हणजे कोरिया आणि जपान, बाकीच्यांनी भाग घ्यायचा. तिथं लाहोरचा अर्सलान अॅश व्हिसा आणि विमानांच्या घोळातून कसाबसा पोचला आणि स्पर्धा जिंकून गेला. ऑगस्टमध्ये अमेरिकेत लास वेगासला मुख्य एव्होच्या फायनलला त्यानं कोरियाच्या नी-ला हरवलं, नी म्हणजे या खेळातलं केवढं मोठं नाव. आणि हा माणूस सांगत होता की आमच्याकडं माझ्यासारखे अजून खूप आहेत. कुणाला पटेना, मग नी स्वतः पाकिस्तानात जाऊन खेळून आला आणि ते खरं निघालं. पुढं तिथलाच आतिफ २०२२ च्या टेकन वर्ल्ड टूरची फायनल जिंकला.

मी अर्सलान आणि नी यांचं हे सगळं २०२० मध्ये वाचलं आणि रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. कारण लाहोरच्या त्या आर्केडचे व्हिडिओ बघितले तर ती आमचीच खोली वाटते, तोच टेबल फॅन, भिंतीला टेकलेली पोरं, हरणारा उठणार, जिंकणारा बसणार. ऑनलाइन इंटरनेट धड नाही म्हणून एकाच खोलीत वर्षानुवर्षं एकमेकांशीच खेळत राहिले, एकानं काढलेली तोड दुसऱ्याला, त्याची तिसऱ्याला, सगळी तोंडी. आमच्या पार्लरमध्ये त्या मुलानं जे स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं ते दहा जणांकडं गेलं असतं, त्यातल्या दोघांनी ते पुढं नेलं असतं. आमची खोली बंद झाली आणि त्यांची चालू राहिली, मला तरी एवढाच फरक दिसतो. मिरजेतून कुणी लास वेगासला गेलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते जे साठत होतं ते सांडून गेलं याची हळहळ वाटते.

मागे सरकणं म्हणून एक आहे, त्याला कोरियन बॅकडॅश म्हणतात, त्याचं थोडक्यात सांगतो. साधं मागे उडी मारली की ती संपेपर्यंत दुसरी मारता येत नाही, म्हणून मध्येच तिरकं खाली दाबून ती तोडायची आणि परत मागे, परत तोडायची, परत मागे, असं लाटेसारखं. समोरच्याचा वार वीतभर कमी पडून हवेत जातो आणि तिथं त्याला धरायचं. करंगळीशेजारच्या बोटाला घट्टा पडला तेव्हा कुठं मला ते बरं जमायला लागलं. सेव्हनमध्ये मी शेवटी गेनबू नावाच्या रँकपर्यंत पोचलो. गेनबू म्हणजे जपानी कथांमधलं उत्तर दिशेचं कासव. मला फार आवडला तो रँक, मी काही दिवस पुढं जायचा प्रयत्नच केला नाही.

२०२४ च्या जानेवारीत टेकन एट आला आणि त्याच्याबद्दल माझं मत जरा कडू आहे. दिसतो सुंदर, ऑनलाइन खूप सुधारलंय. पण त्यात हीट म्हणून आणलंय, प्रत्येक राउंडला एकदा, काही सेकंद तुमचा माणूस पेटतो आणि तेव्हा समोरच्यानं गार्ड केला तरी त्याची थोडी थोडी लाइफ जाते. म्हणजे जो थांबलाय, ज्यानं दार बंद ठेवलंय, त्यालाच दंड. बघायला रंगत येते हे मान्य, पण मला वाटतं या खेळाचा जीव त्या थांबण्यात होता आणि तो थोडा सरकवलाय. एक गोष्ट मात्र त्यांनी अशी दिलीय की तिच्यासाठी मी सगळं माफ करायला तयार आहे. हरलेली मॅच परत बघताना मध्येच कुठंही थांबवून तुम्ही स्वतःचा माणूस ताब्यात घेऊ शकता. जिथं मी घाबरून दाबलं होतं नेमक्या त्याच क्षणात परत शिरायचं, समोरचा तेच करणार जे त्यानं केलं होतं, आणि या वेळी आपण नाही दाबायचं. मी एका जागी असा चाळीस-चाळीस वेळा शिरलोय. वसुलीच्या कामात असं काही असतं तर.

गेल्या गणपतीत मिरजेला गेलो होतो तेव्हा मुद्दाम त्याच्या दुकानात गेलो, मुलगी बरोबर होती, आठ वर्षांची. आता दुकान तोच बघतो. ओळखलं त्यानं, “एडी ना तू?” म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, फ्रेम, वही, लाइट गेली ती रात्र, लाहोर. तो घोडी घासत ऐकत होता. मी विचारलं, तू परत कधी खेळलास का, तर म्हणाला पार्लर गेल्यावर नाही, वेळ कुठाय. मग त्यानं दोरा सरकवला, तार छेडली, परत सरकवला, परत छेडली, मुलगी कान देऊन ऐकत होती. तिसऱ्या की चौथ्या वेळेला आवाज उघडला आणि तिनं माझ्याकडं बघितलं. तो म्हणाला, “हितं तरी दुसरं काय करतोय. तार काय म्हणतीया ते पुरतं ऐकून घ्यायचं, मग हात लावायचा.”

परवा रविवारी मुलगी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती आणि ऑनलाइन समोर एडी आला. एटमध्ये त्याला परत आणलंय. खेळणारा नवाच होता बहुतेक, सुरू झालं की सोडलाच, हातावर उभा, पाय वरून, पाय खालून, लोळण, परत पाय. ते फुली-गोल मी ओळखतो, पडद्याच्या पलीकडची बोटंसुद्धा मला दिसत होती. माझा काझुया उभा, खालचा आला की बसतोय, परत उभा राहतोय. लाइफ थोडी थोडी जात होती. मुलीला राहवेना, “बाबा, मारतोय ना तो, दाब ना काहीतरी!”

“थांब गं,” मी म्हणलं, “त्याचं संपू दे.”

एडीची फिरकी मंदावली, पाय खाली आला, टेकला.

टक.